माडाच्या आळ्यात टाकलेल्या गोळ्या

आजारातून उठलेला माणूस लिहायला बसला की आधी पथ्यं सांगतो. मी सांगणार नाही. स्वतःच्या अकलेने एक पथ्य काढून ते कडकडीत पाळल्यामुळे मी मरता मरता वाचलो आहे, आणि तेही कॅन्सरने नव्हे. त्यापायी माझ्या मुलीचं जे नुकसान झालं ते अजून भरून निघालेलं नाही. ज्यांच्या घरी हा आजार आला आहे आणि ज्यांच्या घरी एखादं शिकलेलं माणूसही आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो.

मी तोंडवलीचा. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. गाव मला मास्तर म्हणतो. घरात मी आणि बायको शुभांगी. एकुलती एक मुलगी मेघा पुण्याला एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. कर्करोगाच्या मूळपेशी आणि त्यांच्यातले कॅल्शियमचे संदेश, हा तिचा विषय. गावात कुणी विचारलं की मी हे एका दमात सांगायचो. समोरचा मान डोलवायचा आणि मला बरं वाटायचं. तिने हा विषय घेतला तेव्हा माझ्या अंगात कॅन्सर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

कंबर

शिमग्याच्या सुमारास कंबर धरली. नारळ सोलताना लचकली असेल म्हणून महिनाभर तेल चोळून घेतलं. मग उठता-बसता कळ यायला लागली. गोळ्या झाल्या, शेक झाला, रक्त झालं, आणि रक्ताचा रिपोर्ट बघून जवळच्या डॉक्टरांनी कोल्हापूरची चिठ्ठी दिली. चिठ्ठी देताना ते माझ्याकडे न बघता शुभांगीकडे बघत होते, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला. पाठीच्या कण्यावर आणि खुब्यावर काळे ठिपके होते. "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे सर, आणि तो हाडांत उतरलाय," त्या म्हणाल्या. "मुळापासून जाणार नाही, पण बरीच वर्षं दाबून ठेवता येतो."

मी म्हणालो, "बरं." शुभांगीने विचारलं, "ह्यांका जेवणात काय काय चलात?" आणि मला तिचा भयंकर राग आला. इथे माझं आयुष्य दिव्यासमोर टांगलंय आणि हिला जेवण! आज कळतं, तिने त्या खोलीतला एकच कामाचा प्रश्न विचारला होता.

औषधयोजना सोपी होती. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, दर महिन्याला हाडं टिकवण्याचं वेगळं इंजेक्शन, आणि त्याच्या जोडीला रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या. "ह्या दोन चुकवू नका," बाई म्हणाल्या. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा पुन्हा तेच म्हणाल्या.

लाज

ह्या आजाराचं एक दुखणं कागदावर येत नाही. तो जिथे होतो त्या जागेचं नाव घेता येत नाही. गावात आम्ही "पाठीचो आजार" असं सांगितलं. दुसऱ्यांदा कोल्हापूरला निघण्याआधी शुभांगीने देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. गावकरी देवापुढे उभे राहून "ह्या लेकराच्या पाठीक जा काय दुखणा झाला आसात ता दूर कर रे म्हाराजा" म्हणाले आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी खाली मान घालून उभा होतो. देवाला तरी खरं सांगायला हवं होतं, पण चारचौघांत कसं सांगणार?

इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघाव्यात तसं व्हायचं. घाम फुटायचा, आणि उगीच रडू यायचं. एकदा टीव्हीवरच्या बिस्किटाच्या जाहिरातीला रडलो. शुभांगी पदराने वारा घालत म्हणाली, "आता कळला मां बाईमाणसाचा? माझ्या येळाक तुमी म्हणा होतास, पंख्याखाली बस." मी हसलो. त्या महिन्यांत हसल्याचे प्रसंग थोडे, म्हणून हा लक्षात राहिला.

मेघाने दाखवलेले काजवे

चतुर्थीला मेघा आली. माझं खंगलेलं अंग बघून तिने तोंड फिरवलं, मग सावरली आणि गणपतीची आरास करायला बसली. तिसऱ्या दिवशी पडवीत बसलो असताना मी म्हटलं, "तुझा काम दाखव बघू."

तिने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पेशी होत्या. मधूनच एखादी उजळायची आणि विझायची, मग शेजारची उजळायची. पावसाआधी जांभळीच्या झाडावर काजवे लुकलुकतात, अगदी तसं.

"ह्यो कॅल्शियम," ती म्हणाली. "पेशीच्या आत तो वाढलो की ती उजळता. तो तिका निरोप असता. वाढ, नायतर झोपान रव, नायतर चल हयसून."

"आणि मूळपेशी म्हणजे?"

"औषधान बाकीचे पेशी मरतत. हे थोडे दडान रवतत. वायंगणी शेतातल्या लव्हाळ्यासारखे. वरसून उपटलास तरी मातीत गड्डो रवता आणि परत फुटता. आमी कॅल्शियमच्यो वाटा बंद केलो तर ताटलीत त्यांचे गोळे कमी झाले."

ती आणखी बरंच बोलली. ताटलीतलं वेगळं, माणसाचं वेगळं, असंही म्हणाली असणार. नक्की म्हणाली असणार, ती माझ्यापेक्षा जपून बोलते. पण माझं लक्ष त्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यांवर होतं. माझ्या कण्यात, खुब्यात असेच ठिपके दडून बसलेत आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी गिळून त्यांना निरोप धाडतोय, असं मला दिसायला लागलं.

विचारायला हवं होतं: मग माझ्या त्या दोन गोळ्यांचं काय? एवढाच प्रश्न. मी विचारला नाही. जिला मी पेशीचं चित्र काढायला शिकवलं, तिच्यापुढे रोगी म्हणून हात जोडून बसायचं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर, मला उत्तर सापडलंय असं वाटत होतं.

पथ्य

मेघा पुण्याला परतली त्याच दिवशी मी गोळ्या बंद केल्या. शुभांगी पाण्याच्या तांब्यासोबत गोळी हातावर ठेवायची. मी ती तोंडात टाकायचो, गालात धरून पाणी प्यायचो, आणि अंगणात जाऊन माडाच्या आळ्यात थुंकायचो. माडाला आपल्याकडे मीठ घालतातच, त्यात हे चाललं. फुकट काही जाऊ द्यायचं नाही ही आमची कोकणी खोड!

मग दूध बंद केलं. नाचणीची भाकरी बंद केली. पेडवे मी काट्यांसकट खाणारा माणूस, ते बंद केले. सुकट बंद. शुभांगी ताट पुढे ठेवायची आणि मी भात-सोलकढी तेवढी ओढून घ्यायचो.

"पेडव्यांक काय झाला? ताजे फडफडीत आसत."

"इच्छा नाय."

"नाचणेची भाकरी तरी खावा. बाईंनी सगळा खावक सांगलेला आसा."

"नको म्हटलं ना!"

ती ताट उचलून आत जायची. एकदा आतून नाक ओढल्याचा आवाज आला. तिला वाटत होतं माझी जगण्याची इच्छाच गेली आहे. मी मात्र जगण्यासाठीच तर हे सगळं करत होतो, आणि तिला सांगत नव्हतो, कारण सांगितलं तर ती मेघाला फोन करेल आणि मेघा नको म्हणेल. म्हणजे कुठेतरी आत मला माहीत होतं. महिन्याचं इंजेक्शन मी जवळच्या दवाखान्यात घ्यायचो; त्याआधी रक्त तपासायचं असायचं, तेही मी "कोल्हापुराक केलंय" अशी थाप मारून दोनदा चुकवलं. ज्या मास्तराने देवळातल्या कौलाची वर्गात टिंगल केली, त्याने प्रयोगशाळेतल्या ताटलीला कौल लावला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

दिवाळीच्या आसपास ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. मग बोटांच्या टोकांना. मी समजलो, रोग नसांवर आला. तेव्हा तर पथ्य आणखीनच कडक केलं.

हात

दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात दाढी करत होतो. ब्रश हातातून सुटेना. बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि अंगठा तळव्यात ओढला गेला. दुसऱ्या हाताने सोडवायला गेलो तर दुसराही तसाच. पोटऱ्यांत गोळे आले आणि मी अंगणात आडवा झालो. शुभांगी धावत आली. "काय झाला ओ? ओ, बोला कायतरी!" मला बोलता येत होतं, पण जबडा आवळत होता. शेजारच्या दत्ताने गाडी काढली. जवळच्या दवाखान्यात पहिला उपचार झाला आणि तिथूनच कोल्हापूर. नांदगाव तिठ्यापासून फोंड्याच्या घाटापर्यंत शुभांगी माझी बोटं चोळत होती आणि देवाचं नाव घेत होती. घाटात मला पहिल्यांदा वाटलं की आपण आज मरू. भीती अगदी साधी असते हो. मला पाणी हवं होतं आणि मेघा हवी होती.

इस्पितळात छातीला वायरी लावल्या. रक्ताचा आकडा आला तेव्हा डॉक्टरीणबाई धावतच आल्या. नर्सने सलाइनला औषध जोडलं. मी मान वळवून बाटलीवरचं कॅल्शियमचं नाव वाचलं आणि हात ओढून घेतला.

"हे नको! ह्याने त्या जाग्या होतील!"

"कोण जाग्या होतील?"

"मूळपेशी."

बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला आणि नर्सला म्हणाल्या, "सावकाश सोडा, मॉनिटरवर लक्ष ठेवा." आणि मग मला विचारलं, "सर, कॅल्शियमच्या गोळ्या बंद कुणी करायला सांगितल्या?"

शुभांगी पायाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटत होतं: भाकऱ्या, पेडवे, ते आळ्याकडे जाणं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने हे केलं असं तिच्यासमोर, त्या पोरसवदा डॉक्टरिणीसमोर कबूल करायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "माझी मुलगी ह्याच विषयात संशोधक आहे. तिनेच सांगितलं."

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

चोर आणि संन्यासी

तासाभरात हात सैल झाला. बोटं एकेक करून उघडली आणि मी त्यांच्याकडे बघत पडून राहिलो. बाहेरून शुभांगीचा आवाज येत होता. ती फोनवर होती. "बापाशीक मारूक निघालंस गो? इतक्या शिकान ह्याच शिकलंस?" पडद्याआड झोपून मी हे ऐकलं आणि हाक मारली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चोर ह्या बाजूला सलाइन लावून पडला होता.

मेघा सकाळी पोहोचली. ती सलाइनच्या नळीवर बोट ठेवून थेंब बघत उभी राहिली. मग डॉक्टरांकडे गेली. मी सांगितलेलं तिने तिथे नाकारलं नाही, हे मला नंतर कळलं. आई तिच्याशी बोलत नव्हती. दोघी एकाच बाकावर दोन टोकांना बसायच्या आणि मी दारातून ते बघायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज नर्स यायची, तपासणी असायची, जेवण यायचं, आणि दिवस जायचा. सबबी शोधणाऱ्याला इस्पितळात तोटा नसतो.

निघायच्या आदल्या दिवशी मेघाने मला समजावलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. पेशीच्या आतला कॅल्शियम वेगळा आणि ताटातला वेगळा. ताटातला बंद केल्याने पेशीला काही कळत नाही. शरीर रक्तातला कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर ठेवतं, खाल्ला नाही तर हाडांतून ओढून आणतं. पण त्या महिन्याच्या इंजेक्शनाने हाडांना कुलूप लावलेलं. हाडांतून मिळेना, ताटातून येईना, म्हणून रक्तातला खाली गेला. हे निम्मं तर मी दहावीच्या वर्गाला शिकवलेलं होतं. ती बोलत होती आणि मी मान डोलवत होतो. ती पुण्याला गेली तरी मी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर शुभांगी माडाला पाणी घालायला गेली आणि ओंजळीत काहीतरी घेऊन आली. मातीत भिजून फुगलेल्या गोळ्या होत्या.

"मेघान सांगल्यान, तर माझ्यापासून लपवन कित्याक टाकल्यात?"

"तू रागावशील म्हणून."

तिने गोळ्या परत आळ्यात टाकल्या आणि हात धुतले.

केसपेपर

जानेवारीत तपासणीला पुन्हा कोल्हापूरला गेलो. मेघा पुण्याहून परस्पर आली. हाडांचे ठिपके वाढले नव्हते. कॅल्शियम जागेवर आला होता. बाई खूश होत्या. केसपेपर चाळताना त्या मेघाला सहज म्हणाल्या, "मग, फोनवर म्हणालात त्या नव्या विषयावर काम सुरू झालं का?"

मी मेघाकडे पाहिलं. ती पिशवीचे बंद सारखे करत होती.

"नवा विषय?"

"मी बदलून घेतला, बाबा. दिवाळीनंतरच."

"कित्याक?"

तिची नजर केसपेपरवर गेली. शुभांगी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. बाईंनी केसपेपर माझ्याकडे नकळत थोडा वळवला होता आणि मला ती ओळ दिसली: मुलीच्या सल्ल्याने कॅल्शियम बंद. खाली तारीख, सही. मेघाने ती ओळ कितीदा वाचली असेल? इस्पितळात माझे कागद तीच सांभाळत होती.

मी म्हणालो, "बाई, ती ओळ खोडा."

"लिहिलेलं खोडता येत नाही, सर. काय झालं?"

"मग खाली दुसरी लिहा. मुलीने काही सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंच नाही. मी माझ्या मनाने गोळ्या बंद केल्या आणि तुमच्यापुढे खोटं बोललो."

बोलताना माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा झाला असावा, कारण दारातल्या नर्सने आत डोकावलं. बाईंनी पेन उचललं आणि खाली लिहिलं. शुभांगीने दोन्ही हात तोंडावर घेतले. ती मेघाकडे वळली. "तू माका सांगूक नाय कित्याक गो? मी तुका काय काय बोललंय..."

"तू माका विचारलंस खंय?" मेघा म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही. शुभांगी तिचा हात धरायला गेली, तिने तो धरू दिला, पण स्वतः धरला नाही.

बाहेर कँटीनमध्ये आम्ही तिघं चहा घेऊन बसलो. मी विचारलं, "तुका ठावक होता, मी खोटा बोललंय ता. तेव्हाच कित्याक बोलाक नाय?"

"तुमच्या छातीक वायरी लावलेले होते, बाबा. तेव्हा मी तुमका खोटा पाडूक व्हया होता काय?" ती म्हणाली. मग चहात बघत म्हणाली, "आणि माका तरी खंय खात्री होती? वाटला, मीच तसा कायतरी बोललंय आसान. रोज रात्री आठवून बघलंय, काय शब्द वापरलंय ता."

तिचा जुना विषय आता तिच्या प्रयोगशाळेतली दुसरी मुलगी करते. परत मागता येईल का असं मी विचारलं, तर बघूया म्हणाली. ते बघूया कसलं होतं ते आम्हा तिघांनाही कळलं. माझी माफी तिने ऐकून घेतली, मान हलवली. माझ्या बशीतला चहा सांडला तो कागदाने पुसला. ती वाईट नाही वागली. ती कधीच वाईट वागत नाही.

उठायच्या आधी मी म्हणालो, "मेघा, तुझा काम माका एकदा परत समजावन सांग. सुरवातीपासून. ह्या येळाक मी सगळा विचारीन."

"नको, बाबा," ती म्हणाली. "आता माका तुमका कायपण सांगूक भीती वाटता."

तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. कंबर कशी आहे, झोप लागते का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारते. मी सगळं खरं सांगतो. तिच्या कामाबद्दल विचारलं की म्हणते, "चालू आसा," आणि फोन आईकडे द्यायला सांगते.